आत्याने उंदरांसाठी शिवलेल्या गोधड्या

आमची आत्या सध्या बर्फाच्या पेटीत आहे. तिला हे अजिबात आवडलं नसतं.

आज सकाळी गेली. तिचा मुलगा, आमचा दादा, बोटीवर आहे. तो उद्या गावी, मुरब्याला पोचेल, तोवर पेटी.

जन्मभर बोईसरच्या बाजारात बसून तिने बर्फ घातला तो पापलेटवर. भाव पाडून मागणाऱ्याकडे ती नुसती बघायची. माणूस गपचूप पैसे काढायचा.

माझी पीएचडी सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, तू करतेस तरी काय?
म्हटलं, उंदरांना फ्रिजएवढ्या गार खोलीत ठेवते.
"विकायला?"

मग समजावलं. उंदराच्या खांद्यांमध्ये ब्राउन फॅट असते. थंडी हळूहळू वाढवली की त्यातले मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि खाल्लेल्या अन्नाची सरळ ऊब करतात. सुरुवातीला उंदीर कुडकुडतात, मग थांबतात. चूल आतच पेटते.

आत्याला पटेना. तिच्या लेखी बर्फात गेलेलं काही जितं राहत नाही. मुक्या जिवांना छळते म्हणून माझ्याशी बोलणंच टाकलं. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं, त्यामुळे मला घास गोड लागेना.

एका रविवारी तिने पिशवी पुढे सरकवली. आत तळहाताएवढ्या गोधड्या. जुन्या लुगड्याच्या, चारी बाजूंनी टीप घातलेल्या.
प्रत्येक उंदराला एक.

मी पोट धरून हसले. म्हटलं, आत्या, बाहेरून ऊब मिळाली तर आतली चूल पेटणारच नाही. माझा एक्सपेरिमेंट बोंबलेल.

"तुजा अभ्यास ऱ्हाऊ दे. थंडी वाजते त्याला पांगरूण घालायचं, एवढंच मला ठाव हाय."

गोधड्या माझ्या कपाटात राहिल्या. महिन्याभराने तिला व्हिडिओ कॉलवर उंदीर दाखवले. कुडकुडणं बंद, खाणं दुप्पट.
तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आमच्या दादावानी खातात मेले."
आमचा उरलासुरला अबोला तिथे संपला.

आत्याच्या पेशींतली चूल आता विझली आहे. तिला थंडी वाजत नाही, हे माझ्याइतकं इथे कुणाला ठाऊक नसेल.

तरी मघाशी मी पेटीचं झाकण उघडायला लावलं आणि येताना कपाटातून आणलेल्या सगळ्या गोधड्या तिच्या अंगावर पसरल्या.
धड पायसुद्धा झाकले गेले नाहीत.

झोप आत्या. दादा उद्या येतोय.