फोनला दुपारची सुट्टी

गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी सव्वादोन वाजता, अकोल्यात जठारपेठेत माझ्या मोठ्या बहिणीवर अन्याय झाला. ती स्कुटीवरून लोकांच्या घरी किराणा पोचवते. काम ॲपवरून येतं. त्या वेळी तिच्या पिशवीत कुणाचं तरी दही होतं आणि हँडलला लावलेला मोबाइल काळा पडला. वर सूचना आली: तापमान जास्त आहे, थंड झाल्याशिवाय फोन वापरता येणार नाही.

फोनला तशी सोय आहे. ऊन सोसेनासं झालं की तो बसतो. त्याला कुणी कामचुकार म्हणत नाही.

पत्ता फोनमध्ये होता. ताई कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आजीकडे गेली. मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर आजी ओलं पोतं टाकते. त्याखाली फोन सरकवायचा, हा उपाय तिथल्या सगळ्या स्कुटीवाल्यांना ठाऊक आहे.

"ठेव माय," आजी म्हणाली, "पन दाबून नोको ठेवू, सांबार चेपते."

"आन् मी कुठी उभी राहू?"

"छत्री लहान हाये. भाजीपुरतीच."

फोन सावलीत, ताई उन्हात. फोन शुद्धीवर आला तेव्हा ऑर्डर रद्द झाली होती आणि ताईचा आयडी बंद. कारण: काम अर्धवट सोडले. आयडी बंद म्हणजे काम बंद. तिचं घर त्याच कामावर चालतं.

तिनं मदतीच्या रकान्यात लिहिलं, फोन तापला होता. तिकडे माणूस नसतो, मशीन असतं. उत्तर ताबडतोब आलं, त्यात हयगय नाही. "आम्हाला खेद आहे. यापुढे फोन थंड जागी ठेवावा." बाईला कुठे ठेवावं, याबद्दल काही नव्हतं.

मी बडनेऱ्याला राहतो आणि पत्रकं लिहितो. ताईचं कळलं तसं अकोल्याच्या गाडीत बसल्या बसल्या एक लिहून काढलं, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. मग ताईला घेऊन सरकारी कामगार खात्याच्या कचेरीत गेलो. पत्रक खिशातच राहिलं, कारण तिथला साहेब भला निघाला. बसा म्हणाला, पाणी दिलं. भिंतीवर सूचना होती: उन्हाळ्यात बारा ते चार मजुरांना उघड्यावर कामाला लावू नये.

"हे मले लागू होते का, साहेब?" ताईनं विचारलं.

"होते ना. तुमाले कामाले लावते कोन?"

"मोबाइल."

"मोबाइल कोनाचा?"

"माह्याच."

साहेबानं उठून पंखा वाढवला. "मंग बाई, तुमीच मालक झाल्या. तक्रार कोनावर घेऊ?"

"कंपनीवर घ्या," मी म्हणालो.

"कंपनी म्हनते, ह्या कामगार नाहीत, भागीदार आहेत."

"भागीदार हाये तं मले बी पंख्याखाली बसवा म्हना," ताई म्हणाली.

साहेब हसला. नव्या कायद्यात तुमच्यासाठी विम्याचं कलम आहे, असं त्यानं समजावून सांगितलं.

"म्हंजे मेल्यावर?"

"अपघात झाला तरी."

"आन् नुसतं ऊन लागलं तं?"

त्यावर त्यानं आणखी पाणी मागवलं. मला त्याचा राग आला नाही, हीच अडचण. ओरडावं कुणावर? मशीनला कान नाहीत, कंपनीला दार नाही, आणि साहेबाकडे आमच्यासाठी पाण्याशिवाय काही नाही.

उठताना तो हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकानं लिहिलं तं मशीन ऐकते. तुमचं आमचं नाही ऐकत." पण गिऱ्हाईक कोण? ऑर्डर रद्द झाली तसा पत्ताही फोनवरून गेला. ताईचा आयडी अजून बंद आहे.

म्हणून हे तुम्हाला सांगतो. उन्हाळ्यात दुपारी घरबसल्या काही मागवू नका. भाजी सकाळी आणा, दही संध्याकाळी. आणि त्या मंगळवारी जठारपेठेत ज्यांचं दही पोचलं नाही, ते तुम्ही असाल तर ॲप उघडा, तक्रारीच्या रकान्यात जा आणि लिहा: फोन उन्हानं बंद पडला, बाईची चूक नाही, तिचा आयडी सुरू करा. नंतर नाही. आत्ता लिहा.