सेव्हंटी थ्री झालं की जाणारा

हॅम रेडिओचं लायसन मला चाळिशीत मिळालं. अंबडला घराच्या गच्चीवर तार ताणली, तर शेजारी म्हणाले, कपडे इतक्या उंच कशाला वाळत घालता? पुढे मी माझा रिसीव्हर इंटरनेटवर ठेवला. ज्याच्याकडे अँटेना नाही त्यानं मोबाईलवर लिंक उघडायची आणि माझ्या तारेवर येणारं सगळं ऐकायचं, माझ्या गप्पांसकट. कौतुकानं लिंक घरच्या ग्रुपवरही टाकली. त्या ग्रुपवर नुकतेच सासरे आले होते. मटक्यापायी त्यांचं वाटूर फाट्यावरचं पंक्चरचं दुकान गेलं, तेव्हा बायकोनं बापाशी बोलणं टाकलं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली, मग कुठे ती बोलू लागली.

बरेच दिवस त्या लिंकच्या पानावर 'श्रोते' या शब्दापुढे शून्यच होतं. मग एक जण येऊ लागला. मी संध्याकाळी सहाला माईक धरला की हा हजर. नाव नाही, निरोप नाही. आणि मी 'सेव्हंटी थ्री' म्हटलं की तत्काळ गायब. आम्हा हॅम लोकांत गप्पा संपवताना तसं म्हणतात, म्हणजे आपला रामरामच.

मी मुळातच संशयी. दुधवाल्यासमोर पातेलं वाकडं करून बघणारा. हा सरकारी माणूस असेल, माझ्या चुका टिपत असेल, लायसन घालवेल, असं काय काय मनात आलं. बायको म्हणाली, "तुमच्या गप्पा चोरून कोण ऐकून राह्यलं? समोर बसून कोनी ऐकत न्हाई तिथं!" तरी एकदा परीक्षा घेतली. गप्पा रंगात असताना मध्येच सेव्हंटी थ्री म्हटलं. गडी गेला! त्याला तेवढंच हवं होतं. मी पुरता घाबरलो.

रविवारी सासरे घरी आले. जेवणानंतर मला गच्चीवर नेलं आणि आवाज खाली घेतला.

"जावईबापू, रोज एकच जोडी देऊन राह्यले तुम्ही. बदलनार कधी?"

"कसली जोडी, मामा?"

"त्र्याहत्तर."

मला आधी हसू आलं, मग संताप. दोन आकडी नंबर ऐकला की मटकेवाल्याला जोडीच दिसणार! "मामा, तो रामराम आहे हो! मटक्याशी काय संबंध त्याचा? आणि शपथेचं काय?"

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मी काहीतरी लपवतोय असंच त्यांना वाटत होतं.

"मला बी तसंच वाटलं व्हतं. सोडनारच व्हतो. पण परवा लागली की तीच जोडी. बराबर."

तेवढ्यात जिन्यात कपबशा वाजल्या. बायको चहा घेऊन शेवटच्या पायरीवर उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "काय लागलं?"