एक माणूस कमी आहे

आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मी खिरीचं पातेलं समोर घेऊन एकटीने साजरा केला. कारण त्या दिवशी पनवेलहून फोन आला, "हनोख, एक माणूस कमी आहे," आणि आमचे हे पायात चपला अडकवून एसटी स्टँडवर!

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळचे कोकणातले, आडनाव अष्टमकर. ह्यांना नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर नोकरी लागली म्हणून नगरचे झालो. शहरात आमच्या समाजाची माहितीतली घरं दोनच, आमचं आणि हस्केलभावजींचं. आमच्यात मोठी प्रार्थना करायची तर दहा पुरुष हवेत. नऊ असले की सगळे दाराकडे बघत बसतात. मग कोणाचा बाप गेलेला असो की कोणाचं पोर दुखण्यातून उठलेलं असो, फोन ह्यांनाच. तीस वर्षं हा माणूस पुणे, पनवेल, पार अलिबागपर्यंत दहावा गडी म्हणून पळाला. कधीकधी तर हाताला ऑइल तसंच! परत आले की मी भांडी आपटायची. "घरात एक माणूस कमी पडतो ते दिसत नाही का?" हे नुसते हसायचे. अस्सा राग यायचा ना!

यंदा ह्यांची बायपास झाली. देवाच्या दयेने सुखरूप घरी आले, पण जेवेनात की बोलेनात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मोझेल, मरणाच्या दारातून परतलेल्याने दहा जणांसमोर देवाचे आभार मानायचे असतात. ते होईपर्यंत मला घरी आल्यासारखं वाटणार नाही." आणि डॉक्टरांनी तीन महिने प्रवास बंद केलेला.

"मग बोलावू की सगळ्यांना इथे," मी म्हटलं.

"छे छे, माझ्यासाठी कोणाला कशाला त्रास?"

घ्या! जन्मभर लोकांसाठी उन्हातान्हात पळाले, तो त्रास नव्हता! दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मी जुनी फोनची डायरी काढली आणि एकेकाला फोन लावला. "रविवारी या. एक माणूस कमी आहे." सगळ्यांना एवढंच सांगितलं.

किती जण येणार हे मात्र विचारलं नाही. माणसं एक-दोन-तीन करून मोजायची नाहीत, ही आमची जुनी रीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. शब्द संपले की दहा भरले. आता फोनवर कसलं वचन म्हणणार? अंदाजाने चौदा ताटांची कोंबडी नारळाच्या दुधात शिजवली आणि मलिद्यासाठी परातभर पोहे भिजवून त्यात गूळ-खोबरं कालवलं.

रविवारी चारला हस्केलभावजी आणि त्यांचा मुलगा आले, श्रीरामपूरहून दोघे आले. ह्यांनी स्वतःपासून वचन सुरू केलं आणि पाचव्या शब्दावर थांबले. साडेपाच झाले. पुण्याकडचं कोणी फोन उचलेना. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "जाऊ दे मोझेल, वाईट वाटून घेऊ नकोस." मीच आशा लावली होती, आता ह्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?

तेवढ्यात शेजारची लंकाबाई दारातून ओरडली, "मोझेलबाई, अवो भाईर या! तुमच्या दारात लगीन हाय का काय?"

बाहेर दोन ट्रॅव्हलर आणि त्यांच्या मागे मोटारी! सुप्याजवळ एक गाडी पंक्चर झाली, तर बाकीचेही तिथेच थांबले. जायचं तर सगळ्यांनी मिळून, असं म्हणे ठरलं होतं. आणि फोन? "अहो, चाक बदलत होतो!" एवढी माणसं एका चाकाला!

ह्यांनी टोपी चढवली. ओसरीत, अंगणात, फाटकापर्यंत उभ्या एकेका माणसावर शब्द ठेवत गेले. वचन संपलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा संपलं. तिसऱ्यांदा शेवटच्या शब्दापाशी ह्यांचा आवाज फुटेना. तो शब्द स्वयंपाकघराच्या दारातून मीच म्हटला. तीस वर्षं घरात ह्यांच्या तोंडून ऐकत आले होते.

मग ह्यांनी आभार मानले आणि सगळे एका सुरात म्हणाले, "ज्याने तुझं भलं केलं, तो सदैव तुझं भलंच करो." मी खुशाल रडले.

चौदा ताटांत कोणाचं काय होणार? लंकाबाई टोपलंभर भाकरी आणि पिठलं घेऊन आली. "तूप न्हाई घातलं. कोंबडीसंगं दुधाचं तुमच्यात चालत न्हाई, म्हाईत हाय मला." मलिदा चमचा-चमचा पुरवला, आणि ह्यांनी माझ्या वाटचाही खाल्ला!

निघताना पनवेलचा एक जण चाचरत म्हणाला, "मामा, पुढच्या महिन्यात आमच्या नव्या घराची प्रार्थना आहे. माणसं भरपूर येतायत. पण तुम्ही नसलात तर एक माणूस कमीच."

हे माझ्याकडे चोरून बघायला लागले.

"डॉक्टरांचे तीन महिने त्याआधी संपतायत," मी म्हटलं. "आणि ह्या वेळी तिकिटं दोन काढा."