मार्करची मालू

बेळगावात त्या काळी खेळ म्हणजे कुस्ती, नाहीतर फुटबॉल. टेनिस ही कॅम्पातल्या साहेबलोकांची संध्याकाळ घालवायची सोय, असं आमच्या दैनिकाच्या संपादकांचं मत होतं, आणि क्रीडावार्ता लिहिणाऱ्या मलाही ते पटत होतं. कॅम्पातल्या क्लबात मी पहिल्यांदा गेलो तो तिथल्या चहासाठी. चहा बरा होता. देवाप्पा कांबळे मला तिथंच भेटला.

देवाप्पा क्लबाचा मार्कर होता. मार्कर म्हणजे कोर्टाचा सगळा संसार ज्याच्या गळ्यात असतो तो माणूस. तांबड्या मातीवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, तुटलेल्या रॅकेटी विणायच्या, आणि एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. मार्करनं जिंकायचं नसतं, आणि मुद्दाम हरतोय असंही दिसू द्यायचं नसतं. मेंबरला घाम यावा, पण धाप लागू नये. घरी जाताना आज आपला हात झकास चालला असं त्याला वाटावं. देवाप्पाचा चेंडू बरोबर मेंबरच्या हाताशी, कमरेच्या उंचीवर यायचा. चुकून कधी लांब गेला आणि मेंबरला पोचता आलं नाही, तर देवाप्पा रॅकेट छातीशी धरून लगेच म्हणायचा, "सॉरी सायेब." सगळी हयात त्यानं अशीच काढली. तो किती चांगला खेळतो, हे त्यामुळे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाला ते विचारावंसंही वाटलं नाही.

तो निपाणीकडचा. बायको तानीबाई लग्नाआधी निपाणीत विड्या वळायची. तिच्या बहिणी अजूनही वळत होत्या. क्लबाच्या मागं रूळ ठेवायच्या शेडला लागून एक खोली होती, तिथं हे कुटुंब राहायचं. दारात बसलं की थेट कोर्ट दिसायचं. त्यांची एकुलती मुलगी मालू त्या दारातच वाढली.

मालू शाळेत असतानाच देवाप्पाचा गुडघा धरला. साहेबांशी तो कसाबसा रेटून न्यायचा, पण मेंबरांच्या बायकांशी खेळायला त्यानं मालूला उभं केलं. बायकांनाही पुरुषमाणसापेक्षा ते बरं वाटलं. फ्रॉक, खाली कुणाचे तरी जुने कॅनव्हासचे बूट, आणि हाताला जड होणारी लाकडी रॅकेट, असा तिचा थाट होता. बापानं तिला धडा दिला तो एकच, आणि तो मी चहा पिता पिता ऐकला आहे.

"चेंडू बाईंच्या हातात द्याचा, मालू. बाई पळाल्या तर आपुन चुकलो."

मालूनं हा धडा असा गिरवला की दोन वर्षांत क्लबातल्या सगळ्या बायकांना आपण उत्तम खेळतो असा भ्रम झाला. त्यातल्या एक डॉक्टरीणबाई मात्र विचारी होत्या. समोर दुसरं कुणी असलं की आपला खेळ बिघडतो आणि मालू असली की बहरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. गुण आपला नाही, पोरीचा आहे, हे ओळखून त्यांनी तिचं नाव हुबळीच्या स्पर्धेत घातलं. हे शहात्तर साल असावं.

हुबळीत मालू जिंकली. कशी जिंकली हे पाहणाऱ्यांना नीट कळलंच नाही. ती काहीच करत नव्हती. समोरची मुलगी जोरात मारायची, मालू तो चेंडू तिच्या हातात आणून द्यायची. ती पुन्हा मारायची, पुन्हा चेंडू तिच्या हातात. शेवटी ती मुलगी वैतागून सगळा जोर काढायची आणि चेंडू जाळ्यात जायचा. मातीच्या कोर्टावर हा खेळ चालून गेला. पुढं ती राज्याच्या ज्युनिअर संघात आली. बेळगावची मराठी पोर कर्नाटकाकडून खेळते हे छापायचं कसं, यावर आमच्या संपादकांनी बराच खल केला. मालूला त्याचं काही नव्हतं. आपण क्लबाकडून खेळतो एवढंच तिला ठाऊक होतं.

पण वरच्या पायरीवर न वैतागणाऱ्या मुली भेटायला लागल्या. त्या चूक करायच्या नाहीत, आणि मालू मारायची नाही. बंगळूरच्या एका सामन्यात तर कहर झाला. समोरची मुलगी पाय घसरून पडली. अख्खं कोर्ट मोकळं, चेंडू मालूसमोर नाचतोय. तिनं तो अलगद त्या पडलेल्या मुलीच्या हाताशी नेऊन दिला. त्या मुलीनं बसल्या बसल्या तो परत मारला, आणि मालू तो गुण हरली, मग सामनाही. तिथल्या वर्तमानपत्रांनी खिलाडूवृत्तीबद्दल तिची पाठ थोपटली. ती परत आली तेव्हा मी अभिनंदन केलं, तर तिनं मला वेड्यात काढलं. म्हणाली की खिलाडूवृत्ती वगैरे काही नव्हतं, मोकळी जागा तिला दिसत होती, पण हातच तिकडं वळेना.

तोवर ती मॅट्रिक होऊन बसली होती. रेल्वे खेळाडूंना नोकरी देते, हे डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं. हुबळीला रेल्वेच्या खेळाडूंची निवड करणारे भीमसेनराव म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी मालूला दोनदा बोलावून खेळवलं आणि दोन्हीदा परत पाठवलं. माणूस वाईट नव्हता. ही पोरगी चूक करत नाही, पण जिंकायचा चेंडूही मारत नाही, आणि मला संघात गुण मिळवणारी बाई हवी, असं त्यांनी सरळ सांगितलं. मारायला शिकली की कळवा, म्हणाले.

इकडं तानीबाईंचा धीर सुटला. निपाणीच्या मावशीनं मालूसाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. लग्न करून तिथंच राहायचं आणि मावशीच्या पंगतीला बसून विड्या वळायच्या, हे ठरल्यात जमा होतं. मालूनं एक उन्हाळा निपाणीत काढलेला होता. तंबाखूच्या वासानं तिचं डोकं दिवसभर ठणकायचं, आणि सुपावर मान घालून बसलं की संध्याकाळ कधी झाली तेही कळायचं नाही. "मला न्हाय जायाचं," एवढंच ती आईला म्हणाली. तानीबाईंनी तिला त्या वर्षाची मुदत दिली. वर्षात रेल्वे झाली तर झाली, नाहीतर निपाणी.

त्याच वर्षी, ब्याऐंशीच्या हिवाळ्यात, क्लबाचा महोत्सव आला. सेक्रेटरींनी कुठून कुठून वशिला लावून एक हंगेरीची टेनिसपटू मिळवली. पुण्याची स्पर्धा आटोपून ती बंगळूरच्या स्पर्धेला निघाली होती, बेळगाव वाटेवरच पडत होतं. तिचं नाव इलोना. मी तिची मुलाखत घेतली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमलं. बुडापेस्टच्या एका कारखान्याच्या कोर्टावर ती लहानपणी शिकली. तरुणपणी मोठमोठ्या स्पर्धांत दोनचार फेऱ्या जिंकल्या. आता तिशी उलटली होती, क्रमवारीत नाव खाली घसरलं होतं. थंडीच्या दिवसांत उन्हाच्या देशांतल्या लहानसहान स्पर्धा खेळत ती एकटी हिंडत होती. कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हे माझं काम आहे, कामाचा कंटाळा येऊन कसं चालेल. मग ती उठून कोर्टावर गेली, वाकून माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली, आणि तिला ती पसंत पडली असावी. देवाप्पा लांबून बघत होता. त्याच्या मातीला असा हात लावणारा माणूस त्यानं त्याआधी पाहिला नव्हता.

प्रदर्शनीय सामन्यात इलोनासमोर मालू उभी राहणार हे उघडच होतं, दुसरं होतं कोण? डॉक्टरीणबाईंनी चतुराई करून भीमसेनरावांना निमंत्रण धाडलं. सेक्रेटरींनी मात्र आदल्या दिवशी देवाप्पाला बोलावून घेतलं. पाहुणी लांबून आली आहे, तिला दमवायचं नाही, तिचा खेळ लोकांना दिसला पाहिजे, मुलीला नीट समजावून सांग, असं बजावलं. देवाप्पानं मान हलवली. तो नोकर माणूस, खोली क्लबाची.

त्यानं निरोप मुलीला जसाच्या तसा दिला. मालूनं विचारलं, "आणि भीमसेनराव येनार हाईत, त्येंचं काय, आण्णा?" यावर देवाप्पा उठला. कोर्टावर रूळ फिरवायला गेला आणि फिरवलेल्या जागेवर पुन्हा फिरवत राहिला. मला त्याचा राग आला होता, हे सांगून टाकतो. पण त्याच्या जागी मी असतो तर दुसरं काय केलं असतं, तेही मला सांगता येणार नाही.

सामन्याला सगळा कॅम्प लोटला होता. व्हरांड्यात सेक्रेटरी, मेंबर, त्यांच्या बायका, आणि कडेच्या खुर्चीवर भीमसेनराव. पहिला सेट इलोनानं बघता बघता घेतला, मालूला एक गेम मिळाला. लोक टाळ्या वाजवत होते. पाहुणीचा प्रत्येक फटका देखणा दिसत होता, कारण प्रत्येक चेंडू तिच्या हाताशी येत होता. भीमसेनरावांनी घड्याळ पाहिलं.

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच इलोना थांबली. नेटपाशी आली आणि मालूकडं रोखून बघू लागली. ती चिडली होती. कोर्टावर जन्म काढलेल्या बाईला, आपल्याला कुणी खेळवतंय हे कळल्याशिवाय राहतं का? तिनं काहीतरी आपल्या भाषेत म्हटलं. मग खुर्चीवरचा टॉवेल घेतला, आपल्याच बाजूच्या डाव्या कोपऱ्यात रेघेला लागून जमिनीवर टाकला, आणि रॅकेटनं त्याच्याकडं बोट दाखवल्यासारखं केलं. स्वतः जाऊन उजव्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तिथून एक सोपा चेंडू मालूला दिला.

देवाप्पा कोर्टाच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी उभा होता. तो कोर्टाकडं बघतच नव्हता, सेक्रेटरींच्या तोंडाकडं बघत होता. मालूनं बापाकडं एकदा पाहिलं आणि मारलं. चेंडू टॉवेलवर पडला. आणि लगेच, आपण काय केलं हे ध्यानात आल्यावर, तिनं रॅकेट छातीशी धरली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम."

"नो सॉरी," इलोना म्हणाली. "अगेन."

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते मला नीट लिहिता आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ते धड आलंही नाही. टॉवेल उचलला होता, पण मालू त्या जागी मारत राहिली. मग दुसऱ्या कोपऱ्यात, मग जाळ्याजवळ अलगद. इलोनाला पळावं लागलं, ती खरंच दमली. चांगलं वर्षभर जेवणाची ददात असलेल्या माणसानं वाढलेल्या पानावर पडावं तशी ती पोर त्या मोकळ्या जागांवर तुटून पडली होती. सेट शेवटी पाहुणीनंच घेतला, सात-पाच. नेटपाशी तिनं मालूचा हात हातात धरून ठेवला, दोघींना बोलायला भाषा नव्हती. सेक्रेटरींनी हार घालताना मालूकडं पाहिलं नाही. भीमसेनराव उठून दोरीपाशी गेले आणि देवाप्पाला म्हणाले, सोमवारी मुलीला घेऊन हुबळीला या.

देवाप्पाची नोकरी गेली नाही. काही महिने सेक्रेटरी त्याच्याशी बोलत नव्हते, पण रॅकेट विणायला दुसरं माणूस मिळेना, तेव्हा बोलायला लागले. मालू रेल्वेत लागली. पार्सल ऑफिसात कारकून, आणि मोसमात खेळाडू. रेल्वेकडून बरीच वर्षं खेळली. संघ दोनदा जिंकला, एकटीनं तिनं फार मोठं काही जिंकलं नाही. देशातल्या पहिल्या मुलींत तिचं नाव कधी आलं नाही. मला ते पुरेसं वाटतं, आणि तिलाही वाटत असावं. इलोनाचं नाव त्यानंतर एकदाच वृत्तसंस्थेच्या तारेत दिसलं, कुठल्याशा गावी पहिल्याच फेरीत हरल्याचं. नंतर दिसलं नाही.

सत्त्याऐंशी साली देवाप्पा निवृत्त झाला. क्लबानं शाल-नारळ दिला, भाषणं झाली. देवाप्पासारखा नम्र माणूस पाहिला नाही असं प्रत्येकजण म्हणाला. एक जुने मेंबर म्हणाले की आयुष्यात त्यांनी देवाप्पाला कितीतरी वेळा हरवलं. लोक हसले, देवाप्पाही हसला. मालू हुबळीहून आली होती, ती मात्र हसली नाही.

मंडळी चहाकडं वळल्यावर ती खोलीतून दोन रॅकेटी घेऊन आली आणि एक बापाच्या हातात दिली. गुडघ्याचं कारण त्यानं सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही.

"आण्णा, आज चेंडू माझ्या हातात द्याचा न्हाय," ती म्हणाली. "मला पळवायचं."

मी बाकावर बसून पाहत होतो. देवाप्पानं पहिला चेंडू तिच्या हाताशीच दिला. दुसराही तसाच. मालूनं चेंडू पकडून खाली टाकला आणि नुसती उभी राहिली. मग तिनं नवीन चेंडू दिला. देवाप्पा एक पाऊल पुढं आला, खांदा वळला, आणि चेंडू तिच्या डाव्या हाताला चुन्याच्या रेघेवर पडून निघून गेला. मालू, रेल्वेची खेळाडू, जागची हलूसुद्धा शकली नव्हती. असा फटका मी बेळगावात कुणाचा पाहिला नव्हता.

देवाप्पानं आधी व्हरांड्याकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तरी त्याची रॅकेट छातीशी गेली.

"सॉरी, बाई," तो आपल्या लेकीला म्हणाला.

मालूनं डोळे पुसले, लपवले नाहीत. पुन्हा चेंडू काढला.

"सॉरी न्हाय, आण्णा," ती म्हणाली. "परत मारा."

त्यानं परत मारला. चेंडू त्याच रेघेवर पडला. ह्या खेपेला तो काही बोलला नाही.