माझ्या शेडातली पितळी कपलरं

कोइमतूरला भट्टी थंड व्हायला लागली की गावाकडनं बायकोचा फोन येतो. पोरं जेवली का, आईचा गुडघा कसा आहे, एवढं झालं की ती दाजींवर येते. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझा साडू.

"दाजी आलते. शेडातली मोटर बघून गेलं."

"बरं."

"दाजी म्हणलं, पत्र्याला हूक कमी पडल्यात. वारं सुटलं की उडंल."

"बरं."

"नुसतं बरं काय? दाजींनी आपल्या हातानं चार हूक मारून दिलं."

मी सोनं वितळवायची मूस घासत ऐकत असतो. दाजी आले की ब्रश जरा जास्त जोरात फिरतो. शेजारच्या भट्टीवरचा गडी हसून विचारतो, "काय रं, मूस फोडतोस का?"

मी आठवीतनं शाळा सोडली. विट्याकडच्या माळावर आमची मेंढरं होती आणि बापाला मागं फिरायला अजून एक माणूस हवा होता. मला ते नको होतं. आमच्या भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे, देशभर पांगलेत. त्यातल्याच आमच्या गावच्या एका शेठनी मला इकडं आणलं. त्यांनी भट्टी शिकवली, तमिळ शिकवली, जेवायला पंगतीत घेतलं. आज माझ्या घरावर स्लॅब आहे तो त्यांच्यामुळं, हे मी रोज सकाळी भट्टी पेटवताना मनात म्हणतो. पण धुरानं छाती भरते. हिवाळ्यात खोकला सुरू झाला की तो थांबायचं नाव घेत नाही, आणि मग अंथरुणावर पडून मी नाही नाही ते विचार करतो. आपण इथंच गेलो तर? पोरं मला नीट ओळखतील एवढा तरी मी घरी राहिलोय का?

साडूचं तसं नाही. त्याचं गाव कडेगावच्या खालच्या अंगाला, कालव्याचं पाणी, दारापर्यंत ऊस. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात नोकरी केली, पेन्शन घेऊन आला, घराशेजारी पत्रा ठोकला आणि एक कॉम्प्रेसर बसवला. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या त्याच्या दारात उभ्या. मला त्याच्या उसाचा हेवा वाटत नाही. पेन्शनचा वाटतो, पण थोडा. खरा हेवा वाटतो तो त्याच्या जेवणाचा. हात धुतो, उंबरा ओलांडतो आणि ताटावर बसतो. रोज.

आणि माणूस असा की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. माझी आई पडली तेव्हा तिला उचलून गाडीत घालून मिरजेला त्यानंच नेलं. मी दोन गाड्या बदलून, जीव मुठीत धरून पोचलो, तर हा दवाखान्याच्या पायरीवर बसलेला. मला बघून उठला, चहाचा कप हातात दिला आणि म्हणाला, "पाव्हणं, आदी च्या घ्या. आय बरी हाय." त्या वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं होतं. आत गेलो तर आई शेजारच्या बाईला सांगत होती, "ह्यो माझा ल्योक. बाहीर बसलाय त्यो त्येच्याहून चांगला."

तर मीही ठरवलं. आमच्या घरालगत, डांबरी रस्त्याकडेला शेड घालायचं, कॉम्प्रेसर बसवायचा. टायरात हवा मारायची, ट्रॉल्यांना स्प्रेनं रंग मारायचा. शेड चाललं तर भट्टी सोडून घरी यायचं, नाही चाललं तर पुन्हा भट्टी. बायकोला मी एवढंच सांगितलं होतं, आणि ती रोज दिवे लावताना बहुतेक तेवढंच मागत होती.

शेड झालं, कॉम्प्रेसर झाला. राहिली ती कपलरं. हवेच्या पाइपाला झटक्यात लागणारं आणि झटक्यात निघणारं तोंड म्हणजे कपलर. एक भाग पाइपाच्या टोकाला बसतो, दुसरा, नाकासारखा पुढं आलेला, रंगाच्या नाहीतर नट खोलायच्या गनला. नाक आत दाबलं की खट् वाजून अडकतं आणि हवा सुरू होते. दिसायला बोटाएवढी वस्तू, पण तीच गळकी निघाली तर कॉम्प्रेसर दिवसभर बोंबलत राहतो, वीज जळते आणि गन नुसती फुसफुसते.

साडूचा फोन आला. "पाव्हणं, कपलरं तिकडनं आणू नगासा. विट्यातनं घ्या, माझ्यासारखीच. साधी लोखंडी."

"गंजत्यात की ती."

"टाकीतलं पाणी रोज सोडलं की न्हाई गंजत. कपलर कवातरी जाणारच, गड्या. गेलं तर त्येचा रबरी वायसर जवळ कुठं मिळतोय, ते आदी बघायचं. चमकतंय किती, ते मागनं."

त्याचं म्हणणं बरोबर असणार, हे मला फोनवरच कळलं होतं. पण 'माझ्यासारखीच' हा शब्द घशात अडकला. हूक त्याचे, मोटर त्यानं बघितलेली, पत्र्याचा उतार त्यानं सांगितलेला. आता शेडाची तोंडंसुद्धा त्याच्यासारखीच?

कोइमतूरला पंप आणि कॉम्प्रेसर बनवणाऱ्यांची कमी नाही. मी रविवारी एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर तऱ्हेतऱ्हेची कपलरं मांडली आणि तमिळमध्ये विचारलं, कुठल्या मापाची, कुठल्या जातीची पाहिजेत? त्याला वाटलं मी मेकॅनिक आहे. मी गलाईवाला. मी हातात घेतली, वजन बघितलं. त्यातलं एक असं जड आणि असं पिवळं की हातातनं ठेवावंसं वाटेना. खिशात कसाचा दगड होताच, तो आमच्याकडं सगळ्यांच्या खिशात असतो. दुकानदाराची परवानगी घेऊन मी ते कपलर दगडावर घासलं. रेघ एकसारखी पिवळी. वर मुलामा नाही, आतपर्यंत पितळ. दुकानदार बघतच राहिला. तो पुन्हा काहीतरी म्हणाला, नाकाच्या आकाराबद्दल, कुठली गन लावणार त्याबद्दल. मी म्हटलं, हीच द्या, नाकांसकट, सगळीकडं हीच लावतो.

पौषात औंधच्या यात्रेसाठी रजा घेऊन आलो. आल्या आल्या देवीच्या आधी शेडात गेलो, हे आईनं बोलून दाखवलं. मी कपलरं बसवली. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, आवळली, टाकी भरली आणि बायकोला साबणाचं पाणी करून आणायला सांगितलं. जोडाजोडावर फेस सोडला. गळत असेल तर तिथं बुडबुडे फुगतात. आम्ही दोघं वाकून, श्वास धरून बघत होतो. एकही फुगला नाही.

"दाजींच्यात जरा सूं सूं वाजतंय," ती हळूच म्हणाली.

ते वाक्य मी दिवसभर तोंडात साखरेसारखं धरून होतो. यात्रेला गेलो, गर्दीत ढकलला गेलो, यमाईपुढं हात जोडले, तरी डोक्यात तेच. दाजींच्यात सूं सूं वाजतंय.

साडू बघायला आला. कपलर हातात घेऊन त्यानं उलटसुलट केलं. "लय भारी वस्तू हाय," म्हणाला. मग नाक जरा जास्त वेळ निरखलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कपलर जागेवर ठेवून दिलं. मेव्हणीनं दिलेल्या शेंगा आईच्या हवाली केल्या आणि गेला. मला वाटलं, जळला.

पुढच्याच आठवड्यात सकाळी त्याच्या गावाकडनं ट्रॉल्यांची रांग आमच्या रस्त्याला लागली. पुढं साडू मोटारसायकलवर, मागच्या सीटवर पाइपाचं वेटोळं बांधलेलं. त्याच्या कॉम्प्रेसरची मोटर जळली होती. कारखान्याची पाळी लागलेली, उसाच्या ट्रॉल्या, दोन चाकं पंक्चर, थांबायला कुणाकडंच वेळ नाही.

"पाव्हणं, आज तुमचं शेड," तो उतरता उतरता म्हणाला.

कुणी मला सोन्याच्या ताटात पुरणपोळी वाढली असती तरी एवढी गोड लागली नसती. साडू माझ्या दारात, मदत मागायला. ट्रॉलीवाले माझ्या शेडापुढं. बायको दारात, आई ओसरीवर. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बटण दाबलं.

माझ्याकडं रंगाची गन होती आणि हवा मारायचं साधं नळकांडं. ट्रॉलीचे नट खोलायची मोठी गन, काट्याचं मीटर, लांब पाइप, हे सगळं साडूचं. त्यानं गनचं नाक माझ्या कपलरात दाबलं. खट् वाजलंच नाही. पुन्हा दाबलं. नाक आत गेलं, डुगडुगलं, आणि हवेनं ते असं बाहेर फेकलं की पाइप सापासारखा उसळून एका ट्रॉलीवाल्याच्या पिंडरीवर बसला.

"आयला! हाणतंय की ओ हे!"

"दोनी कपलरं हायत, पर एकमेकांला वळकत न्हाईत," दुसरा म्हणाला. "सोयरीक न्हाई जमत."

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. माझी पितळी एका जातीची आणि आमच्या सगळ्या पट्ट्यातली, साडूची, विट्याच्या गॅरेजातली, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची, ती दुसऱ्या जातीची. माझ्या शेडात एकही बुडबुडा नव्हता आणि एकही गन लागत नव्हती.

साडूनं काही बोलायला हवं होतं. सांगितलं व्हतं की न्हाई, असं एकदा म्हणायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं. तो तसलं काही बोलला नाही. त्यानं खिशात हात घातला आणि एक साधं, काळपट लोखंडी कपलर काढून माझ्यापुढं धरलं. म्हणजे त्या दिवशीच, नाक बघितलं तेव्हाच, त्याला कळलं होतं.

"पाव्हणं," तो हळू म्हणाला, "आपल्या बाच्या वक्ताला बैलाचा पैरा असायचा. माझं बैल तुमच्या रानात, तुमचं माझ्या रानात. सगळ्यांचं जू सारकं, म्हणून चालायचं. आता ही हवा हाय. कुणाचा कॉम्प्रेसर कवा बसंल, सांगता येतंय व्हय? बदला तेवढं, ट्रॉल्या थांबल्यात."

मी टाकीतली हवा सोडली, पान्यानं माझं पितळी कपलर फिरवून काढलं आणि खिशात टाकलं. ते गरम लागत होतं. मग टेप गुंडाळून त्याचं लोखंडी बसवलं. गनचं नाक दाबलं. खट्.

दिवसभर काम चाललं. चाकं उतरली, चढली. चहा आमच्या घरचा, वीज आमच्या मीटरची, हवा माझ्या टाकीतली. मधल्या वेळेला बायकोनं पदर खोचला आणि ती हवा मारायला बसली. मीटरचा काटा तिला माझ्याआधी कळला. अंधार पडायच्या आत शेवटची ट्रॉली निघाली तेव्हा तो पिंडरीवर मार खाल्लेला गडी साडूला ओरडून म्हणाला, "दाजी, ह्ये तुमचं दुसरं शेड झ्याक हाय!"

साडू म्हणाला, "आरं, ह्ये पाव्हण्यांचं हाय." पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं?

रजा संपली, परत आलो. साडूचं कपलर तिथंच राहिलं. बायको शेड चालवायला लागली, आणि फोनवर रोज, "दाजींचं कपलर चांगलं चाललंय." दाजींचं कपलर. माझ्या शेडात, माझ्या टाकीला. पितळेचं माझ्या उशाशी. मधेच मी ते बोटांनी खट् खट् उघडायचो आणि शेजारच्या गड्याची झोप मोडायचो.

एका रविवारी त्याच दुकानात गेलो. या खेपेला बायकोनं पाठवलेलं एक जुनं लोखंडी नाक खिशात होतं. दगड खोलीवर ठेवला होता. नाक काचेवर ठेवून म्हटलं, याच्याशी जुळणारं दाखवा. दुकानदार हसला. त्यानं खालच्या खणातनं लोखंडी कपलरं काढली. मी प्रत्येकात नाक दाबून बघितलं, एका हातानं, कारण काम करताना दुसऱ्या हातात नेहमी काहीतरी असतंच. ज्यात डुगडुग होती ती बाजूला काढली. वायसर विट्यात मिळणाऱ्या मापाचाच आहे का, ते बायकोला फोनवर विचारून घेतलं. मग साडूकडं असतील त्याच्याहून जास्त घेतली.

खोलीवर येऊन प्रत्येकाच्या कडेला निळ्या रंगाचा एक पट्टा ओढला. माळावर मेंढरं मिसळतात तेव्हा आपली ओळखायला बाप पाठीवर रंगाचा हात मारायचा. दुसऱ्याच्या मेंढवाड्यात रात्र काढली तरी मेंढरू कुणाचं ते लांबनं दिसायचं. पैरा करायचा तर करू. पण माझं ते माझं दिसलं पाहिजे.

गावाकडं निघालेल्या एका गलाईवाल्याबरोबर ती पाठवून दिली. बायकोनं टाकीचं कपलर बदललं आणि साडूचं पुसून त्याला परत केलं. मी मुद्दाम विचारलं, "काय म्हणाले?" "काय म्हणत्यात? घेतलं." बस्स, एवढंच. जरा निराशा झाली.

परवा भट्टी थंड होत होती. फोन आला.

"दाजी आलते."

ब्रश थांबला. "आता काय ठोकून दिलं?"

"ठोकलं न्हाई. त्येंच्या टाकीचं कपलर गेलं. विट्याचं दुकान बंद हाय. निळ्या पट्ट्याचं एक मागायला आलते."

"कशाला आलते?"

"मागायला."

"मागायला?"

"व्हय वो, मागायला! किती वेळा सांगू?"

मी मूस खाली ठेवली. "दिलंस?"

"दिलं की. त्येंच्या टाकीला लावलंय, ताई म्हणत व्हती लांबनंच दिसतंय." ती जरा थांबली. मागं कॉम्प्रेसर चालू होता, आणि त्याच्या वरताण पोरं ओरडत होती. "आवं, दोन ट्रॉल्या हुब्या हायत. माज्या एकटीच्यानं चाक उतरत न्हाई. तुमी कवा येताय?"

मी म्हटलं, शेठना उद्या सकाळी सांगतो. मग तिला म्हटलं, दाजी काय म्हणाले, ते पहिल्यापासनं पुन्हा एकदा सांग.