अंगठीला बशी, डब्याला परात

विमान दोह्यावर उतरू लागलं तेव्हा खाली हिरवा समुद्र आणि फिकट वाळू यांच्यामधली कडा पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसत होती. शेजारचा प्रवासी बॅग काढायला केव्हाच उठून उभा राहिला होता. मी मात्र मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. तिच्यात धाकट्या बहिणीसाठी मेतकूट होतं, कुळथाचं पीठ होतं आणि तळाशी आईचा पितळी पानडबा. डब्यात आईच्या दोन पाटल्या होत्या. पाटल्यांचं सुनीताला ठाऊक नव्हतं. त्या मी तिला द्यायच्या म्हणून नेल्या होत्या, आणि जमलं तर परत आणायच्या म्हणूनही. हे दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

सुनीताचं घर मदिनत खलीफामध्ये. एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेत, त्यातला मागचा भाग त्यांचा. दारात बोगनवेल, बाहेर शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग, आणि आत शिरलं की फोडणीचा वास. जयंतराव, म्हणजे सुनीताचे यजमान, रास लफानला गॅसच्या कारखान्यात आहेत. कंपनीची बस पहाटे नाक्यावर येते, आणि नाइट शिफ्ट असली की ते दिवसा जाड पडदे लावून झोपतात. त्या दिवसांत घरात सगळेच हळू बोलतात. मला ते सोयीचं होतं. मी मुळातच कमी बोलतो.

पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना सुनीताने विचारलं, "दादा, आई शेवटी माझं नाव काढत होती का रे?"

आई गेली तेव्हा तिला तिकीट वेळेवर मिळालं नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हा प्रश्न तिने तेव्हाही विचारला होता, नंतर फोनवरही. मी प्रत्येक वेळी दिलं तेच उत्तर दिलं. "बोलायच्या अवस्थेत नव्हती गं."

तिने मान हलवली आणि मेतकुटाचं पाकीट हुंगलं.

पुढचे दिवस पाहुण्याचे जातात तसे गेले. सूक वाकिफमध्ये हिंडलो. बोळ अरुंद, वर लाकडी वासे, दुकानांत सुकवलेली लिंबं आणि केशराचे ढीग. एका मसालेवाल्याने माझ्या हातावर वेलदोडे ठेवले आणि हिंदीत म्हणाला, "चाचा, सूँघने का पैसा नहीं." एका खानावळीत मचबूस खाल्लं (मटण घालून शिजवलेला भात, आपल्या मसालेभाताचा सौम्य चुलतभाऊ). सुनीता प्रत्येक ठिकाणी फोटो काढत होती आणि मी प्रत्येक फोटोत पिशवी पोटाशी धरून उभा. ती म्हणालीसुद्धा, "दादा, इथे कुणी चोरत नाही रे. ठेव ती घरी." घरी ठेवली असती तर तिने कपडे धुवायला म्हणून ती उपसली असती.

शुक्रवारी सुट्टी. हिवाळ्यात इथले लोक तंबू घेऊन किनाऱ्यावर मुक्कामाला जातात, तसे आम्हीही निघालो. "यल्ला, यल्ला!" म्हणत जयंतरावांनी गाडीत शेगडी, चटया, पाण्याचे कॅन कोंबले. वाटेत एका टपरीसमोर गाडीतूनच हॉर्न वाजवला आणि एक मल्याळी माणूस पळत करक घेऊन आला (वेलदोडा घालून आटवलेला दाट चहा). रास लफानची धुरांडी उजवीकडे मागे पडली, मग रस्ता संपला, मग नुसती वाळू. किनारा लांबलचक, पाणी उथळ आणि इतकं स्वच्छ की तळाचे शिंपले मोजावेत. ओल्या पट्ट्यापासून बरंच वर, कोरड्या वाळूत तंबू उभा राहिला.

ऊन उतरताना सुनीता म्हणाली, "तुझी पिशवी दे. भाकऱ्या त्यात ठेवते, कॅरीबॅगेत वाळू जातेय."

मी "आणतो" म्हणून तंबूमागे गेलो. कोपऱ्याच्या खुंटीशी गुडघे टेकले, कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा उकरला आणि पानडबा त्यात ठेवून वाळू ओढली. पिशवी झटकून तिला दिली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं आणि काढून घ्यायचा, एवढाच बेत.

पहाटे शमाल सुटला (वायव्येकडून येणारा वारा, वाळू घेऊन येतो). तंबूची एक बाजू अंगावर आली. जयंतरावांनी भराभर खुंट्या उपटल्या आणि आम्ही तो गाडीच्या आडोशाला नेऊन कसाबसा धरून बसलो. उजाडलं तेव्हा जुन्या जागेची काही खूण उरली नव्हती. वाळू हाताने सारखी केल्यासारखी. मी इथे उकर, तिथे उकर करू लागलो.

"काय हरवलं?" जयंतरावांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "अंगठी."

आणि पाठ वळवून मी लग्नाची अंगठी बोटातून काढली आणि खिशात टाकली. पन्नाशी ओलांडलेला माणूस. सुनीताचा चेहरा उतरला. "अरे देवा! वहिनीला काय सांगशील?" तिने दुपारपर्यंत माझ्याबरोबर वाळू चाळली. चाळण नव्हती म्हणून भात निथळायची जाळी घेऊन.

घरी परतल्यावर तीच म्हणाली, "ग्लोरियाकडे मशीन आहे."

ग्लोरिया वसईची. दोह्यातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. नाताळात सगळे नवरे बायकांना देतात तसं तिचा नवराही तिला सोनं देणार होता, तर तिने सोनं शोधायचं यंत्र मागितलं म्हणे. सुट्टीच्या सकाळी ती किनाऱ्यावर बांगड्या, चाव्या, कर्णफुलं शोधते आणि ज्याची त्याला परत करते. "जुन्या वस्त्या, पडके किल्ले, तिकडे मशीन बॅगेतून काढत नाही मी," तिने गाडीत बसताच सांगितलं. "आपला धंदा फक्त पिकनिकवाल्यांचा."

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं तिथे पुन्हा गेलो. जयंतराव शिफ्टवर होते, पण तंबूची जागा त्यांनी फोनवरच्या फोटोवरून सुनीताला दाखवून ठेवली होती. मागे दिसणारा ठेंगू खडक, समोर पाण्यात तरंगणारी बोय. पटांगणाएवढा तुकडा तरी नक्की झाला.

ग्लोरियाने चादर पसरून तीन तबकड्या मांडल्या. यंत्राच्या दांड्याच्या टोकाला यातली एक बसवतात आणि तीच जमिनीतलं ऐकते. दुकानात त्यांना कॉइल म्हणतात. ग्लोरिया त्यांना बशी, ताट आणि परात म्हणत होती, आणि आकार अगदी तसेच होते.

"सगळ्यांना वाटतं मोठी तेवढी चांगली," ती म्हणाली. "तसं नसतं. परात खोल जाते, जागाही भराभर संपवते. पण ती एका वेळी परातीएवढं सगळं ऐकते. खाली तंबूचा खिळा, बाटलीचं झाकण आणि तुमची अंगठी शेजारी शेजारी असली तर तिला तिघांचा मिळून एकच गोंगाट येतो. शिवाय बारीक वस्तू तिच्या हातून निसटते. पाण्याजवळच्या खारट ओल्या वाळूत तर ती उगाच कुरकुरते. बशी उथळ जाते, पण एकेकाला वेगळं ओळखते. आता सांगा दादा. अंगठी केवढी? किती खोल?"

"साधीच. वरवरच असेल."

"मग बशी."

सुनीता थर्मास घेऊन चटईवर बसली. ग्लोरिया बशी जमिनीलगत झुलवत सरळ रेषेत चालू लागली. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत. मी मागून फावडं घेऊन. यंत्र चिवचिवलं की खणायचं. पहिलं झाकण निघालं, मग कॅनची कडी, मग खिळा, खिळा, शेगडीची जाळी, एक चमचा.

"चमचा तुमच्याकडचा का गं?" ग्लोरियाने ओरडून विचारलं.

"दाखव! हो गं, माझ्याच सेटमधला! मी शेजारणीवर संशय घेतला होता."

दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. ऊन वर आलं. कचऱ्याची बादली भरली. ग्लोरियाने पुन्हा आडव्या रेषांत तोच तुकडा फिरून काढला. बशी आता गप्प होती. पायाखालची वाळू एकदम स्वच्छ झाली होती, आणि तिच्याखाली कुठेतरी पानडबा होता, बशीच्या कानाच्या पलीकडे.

ग्लोरियाने यंत्र खांद्याला टेकवलं. "दादा, वरवर असती तर मिळाली असती. माझ्या थिएटरमध्ये पेशंट सांगतो, सकाळपासून काही खाल्लं नाही. आणि पोटात निघतो वडापाव. तुमचं तसं नाही ना काही?"

ती थट्टेत बोलली. दांडा काढायला वाकलीसुद्धा. सुनीता चटई झटकत म्हणाली, "जाऊ दे दादा. वहिनीशी मी बोलते. माझ्यामुळेच आलास इथे, माझ्यावर ढकल."

ते मला सहन झालं नाही. माझ्या खोटेपणाचं ओझं ती स्वतःच्या डोक्यावर घेत होती, तेही हसून.

"ग्लोरियाबाई," मी म्हणालो, "परात लावा."

"अंगठीला परात?"

"अंगठी नाहीये." मी खिशातून अंगठी काढून चादरीवर ठेवली. "आईचा पानडबा आहे. मीच पुरला, कोपरभर खोल. वर शमालने आणखी वाळू घातली असेल. त्यात आईच्या पाटल्या आहेत. सुने, त्या तुझ्या आहेत."

वारा होता, पण मला तो ऐकू येईना. सुनीताने चटई खाली ठेवली.

मी थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो, म्हणून बोलत राहिलो. "आई बोलत होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. खोलीत मी एकटाच होतो. तिने सांगितलं, पाटल्या सुनीला. आणि मला आमच्या पोरीचं लग्न दिसत होतं. कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. ती बोलत होती हे कबूल केलं असतं, तर काय बोलली तेही सांगावं लागलं असतं."

ग्लोरिया एकीकडे जाऊन परात बसवू लागली. स्क्रू फिरवायला तिने मुद्दाम वेळ घेतला.

मला वाटलं, सुनीता सोन्याचं काही बोलेल. ती म्हणाली, "नेमकं काय म्हणाली? तिचे शब्द सांग."

"म्हणाली, सुनीला म्हणावं रोज घाल. डब्यात ठेवू नको. माझं निम्मं आयुष्य ठेवण्यात गेलं."

सुनीता समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. मी जवळ गेलो नाही. तेवढा हक्क मला उरला नव्हता, आणि हे मला नीट कळत होतं.

"चला," ग्लोरियाने हाक मारली. "आता डब्याचं माप कळलं, खोली कळली. मघाशी परात लावली असती तर खिळ्यांनी वेड लावलं असतं. बशीने वरचं साफ केलंय, आता खालचं ऐकू येईल."

परात हळू फिरते. चिवचिव नाही, सगळं शांत. ठेंगू खडकाच्या रेषेत, जिथे मी हाताने एकदाही उकरलं नव्हतं, तिथे एक जाडसर, लांबट आवाज आला आणि परात सरकवली तरी टिकून राहिला. ग्लोरियाने टाचेने फुली काढली. मी फावडं उचललं तर सुनीताने ते माझ्या हातून घेतलं. ती खणत राहिली. कोरडी वाळू पुन्हा पुन्हा घसरून खड्ड्यात येत होती, मग खाली दमट लागली, मग फावड्याच्या टोकाला टण्ण झालं.

पाटल्या तिच्या हातात चढेनात. आईचा हात लहान होता. ग्लोरियाने पर्समधून हात धुण्याचा साबण काढला, थर्मासमधलं पाणी ओतलं आणि नर्सच्या सराईतपणाने अंगठा दाबून दोन्ही पाटल्या आत सरकवल्या. "खलास!" ती म्हणाली. "आता या निघायच्याही नाहीत."

परतीच्या वाटेवर करक तिघांनी घेतला. बोलल्या दोघीच.

उरलेले दिवस सुनीता माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला वाढायची, गादी घालायची, "टॉवेल वाळत टाक" म्हणायची. मी टाकायचो. जयंतरावांना तिने सगळं सांगितलं असावं, कारण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पोळ्या लाटताना पाटल्यांचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेर यायचा, आणि दिवाणखान्यात बसून मी तो ऐकायचो. शिक्षा म्हणून ती पुरेशी होती आणि योग्यही होती. तरी मला तिथे इतकी शांत झोप लागत होती की सांगायला संकोच वाटतो.

विमानतळावर सोडायला ती एकटी आली. सामान ढकलताना अचानक म्हणाली, "अजून काही खाली राहिलंय? असेल तर आताच काढ. मशीनवाली रोज रिकामी नसते."

राहिलं होतं. एक वाक्य, सगळ्यात खोल गाडलेलं, कारण ते माझ्याबद्दल होतं.

"आईने माझा हात धरून विचारलं होतं, देशील ना नक्की? का तिला मागायला लावशील?"

सुनीता माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, मोठ्याने, लहानपणी फुटायचं तसं. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले.

"आई ओळखून होती तुला," डोळे पुसत ती म्हणाली. "पण मागायला नाही हं लावलंस. खणायला लावलंस."

तिने रिकामा पानडबा माझ्या पिशवीत टाकला आणि मला आत ढकललं.

घरी कऱ्हाडला परतल्यापासून लोक विचारतात, कतार कसं आहे? मी सूक सांगतो, मचबूस सांगतो, पाण्याचा रंग सांगतो. एका मित्राला शेतात पडलेल्या पंपाच्या किल्ल्या शोधायला तसलं यंत्र घ्यायचंय. कोणती तबकडी घेऊ म्हणाला. मी त्याला ठामपणे सांगितलं, आधी वस्तू केवढी आणि किती खोल ते ठरव. जमिनीत कचरा असेल तर लहानपासून सुरुवात कर. आणि यंत्र चालवणाऱ्याला खरं सांग, नाहीतर सगळ्यात महागडी तबकडीही फुकट.

बायकोला मात्र मी पोचलो त्याच दिवशी सांगितलं. पाटल्या कुणाच्या होत्या, आई काय म्हणाली होती, मी काय लपवलं, तिच्यापासूनसुद्धा. ती पानडबा पुसत होती. झाकणाच्या फटीतली वाळू काही केल्या निघत नव्हती. आमच्या पोरीसाठी त्या पाटल्या तिने मनात केव्हाच घडवून ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक होतं.

शेवटी तिने डबा फळीवर ठेवला आणि विचारलं, "सुनीताला बसल्या का?"

"साबण लावावा लागला," मी म्हणालो.