बैल आला नाही

शाईची पुडी पाण्यात कालवली, की त्या उग्र वासासरशी मला निजामाच्या राजवटीतली बीडची शाळा आठवते. मी तिथं इंग्रजी शिकवायचो. पालीहून रोज चालत येणारा एक थोराड विद्यार्थी होता. यंदा नापास झाला, तर बाप त्याच्या हाती औत देणार होता. तोंडी परीक्षेला हैदराबादहून आलेल्या साहेबांनी त्याच्याकडून धडा वाचून घेतला आणि इंग्रजीत विचारलं, "शेतकऱ्याचा बैल परत आला नाही?" तो म्हणाला, "यस." "गलत, 'नो' पाहिजे," म्हणत साहेबांनी लाल फुली मारली. "बैल आलाच न्हाई, मी बी तेच म्हनतोय," तो माझ्याकडं बघून पुटपुटला. मला राहवेना. "हुजूर, हाच सवाल एकदा उर्दूत करावा," मी अदबीनं म्हणालो. साहेबांनी विचारलं, "बैल वापस नहीं आया?" तो लगेच म्हणाला, "जी हां, नहीं आया." साहेब थबकले, मग हसले. "हम भी यही कहते," म्हणाले आणि फुली खोडून त्याला 'नो'ची गंमत स्वतःच समजावत बसले. आजही सून विचारते, "मामंजी, जेवला नाहीत का?" मी "हो" म्हणतो आणि ती ताट वाढायला उठते.